सभागृहाची किल्ली मागण्यासाठी: मुंबई-ठाण्यातल्या संस्थाचालकांना खुले पत्र

मुंबई आणि ठाणे परिसरातील शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि विश्वस्त यांस,

स. न. वि. वि.

मी निवृत्त शिक्षिका. एकतीस वर्षं मराठी शिकवलं, आणि त्यातली बहुतेक वर्षं डिसेंबर आला की स्नेहसंमेलनाचं नाटक माझ्याच गळ्यात पडायचं. निवृत्तीनंतर आम्ही आठ-दहा जण मिळून हौशी नाटकं करतो. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी अजून नोकरीत, दोन पोरं कॉलेजात. नट आहेत, संहिता आहे, उत्साहही आहे. नाही ती जागा. म्हणून गेल्या पावसाळ्यात तीन शाळांकडे अर्ज केले: संध्याकाळी सात ते साडेनऊ, आठवड्यातून दोन दिवस, सभागृह तालमीला मिळेल का?

दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. तिसऱ्या संस्थेच्या कार्यवाहांनी मात्र बोलावून घेतलं, चहा पाजला, आणि फार सभ्यपणे नाही म्हणाले. संस्थेचं नाव मी सांगणार नाही, कारण माणूस वाईट नव्हता आणि त्यांच्या जागी तुमच्यापैकी कुणीही असता तरी बहुधा हेच म्हणाला असता. निघताना ते हसत म्हणाले, ‘बाई, शाळेच्या हॉलमधून नाटक करून मोठं कोण झालंय हो आजवर?’

मला तिथे उत्तर सुचलं नाही. सुचलं ते नेहमीप्रमाणे परतीच्या रिक्षात. ते त्यांना एकट्याला कळवण्यापेक्षा तुम्हा सगळ्यांना कळवावं म्हणून हे पत्र.

उत्तर आहे सुलभा देशपांडे.

नाव ऐकून चेहरा डोळ्यांपुढे आला नसेल तर ‘इंग्लिश विंग्लिश’ आठवा. श्रीदेवीची सासू. घरात सगळे सुनेच्या इंग्रजीवरून तिला हसत असताना तिच्या बाजूला असलेली, फारसं न बोलणारी म्हातारी. किंवा ‘चौकट राजा’तली नंदूची आई. दिलीप प्रभावळकरांचा नंदू सगळ्यांना आठवतो. पण आपल्यामागे या पोराचं कोण, ही काळजी चेहऱ्यावर घेऊन वावरणाऱ्या त्या आईमुळे तो नंदू आपल्याला खरा वाटतो, हे १९९१ साली चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागाहून आलं. सुलभाताईंच्या बाबतीत हे असंच व्हायचं. पडद्यावर त्या इतक्या सहज असत की अभिनय चालला आहे हे ध्यानात यायला वेळ लागायचा.

त्यांचा जन्म १९३७चा, मुंबईतला. माहेरच्या कामेरकर. आणि संस्थाचालक मंडळी, इथे जरा कान द्या: त्या शिक्षिका होत्या. दादरच्या छबिलदास शाळेत. मुलांची नाटकं बसवता बसवता, मुलांसाठी लिहिता लिहिता त्या रंगभूमीवर आल्या. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे यांची ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था १९६० साली उभी राहिली. त्या मंडळीत सुलभाताई होत्या. अरविंदरावांशी त्यांचा संसारही झाला आणि नाटकाचा संसारही.

मग १९६७ साल. राज्य नाट्य स्पर्धेसाठी ‘रंगायन’नं तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ उभं केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं. लीला बेणारे ही नायिका केली सुलभा देशपांडे यांनी.

तुमच्यापैकी ज्यांनी हे नाटक पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्याबद्दलही आहे. एक हौशी नाटकमंडळी प्रयोगासाठी एका गावात येते. गावातलं एक सभागृह, संध्याकाळच्या प्रयोगाला अजून वेळ आहे. वेळ घालवायला म्हणून ती एक लुटुपुटूचा खटला मांडतात. आरोपी कोण? बेणारेबाई. खेळ म्हणून सुरू झालेलं प्रकरण हळूहळू खरं होत जातं. बाई अविवाहित आहे, तिला दिवस गेलेले आहेत, आणि ज्याच्यामुळे गेले तो प्रोफेसर दामले त्या दिवशी आलेलाच नाही. बाकीचे सगळे तिच्यावर तुटून पडतात. बेणारे शाळेत शिक्षिका आहे. मुलांवर तिचा जीव आहे, मुलांचा तिच्यावर. आणि तिची नोकरी जाते कशी? नाटकात एक पात्र सांगतं की संस्थेचे चेअरमन फोनवर बोलताना आपण ऐकले, या बाईला काढून टाका म्हणून. ते चेअरमन रंगमंचावर येतच नाहीत. त्यांचा नुसता फोन येतो.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. (थोडा आहे.)

स्वतः वर्गावर उभं राहिलेल्या बाईनं ही भूमिका करायची म्हणजे काय, याचा मी शिक्षिका म्हणून पुष्कळ विचार केला आहे. बेणारे पहिल्यांदा येते तीच कशी खेळकर, बडबडी, कुणाची तरी टर उडवत. वर्गात शिरतानाचा शिक्षिकेचा तो ताजेपणा असतो ना, तास सुरू होण्याआधीचा, तोच. मुलांना हसवत ठेवायचं, म्हणजे आपल्या पोटातलं त्यांना दिसत नाही. ही युक्ती आम्हा सगळ्या बायांना येते. त्या खेळकरपणाला नाटकाच्या मध्यावर कुठेतरी चीर पडते आणि पुढे ती बाई बोलायचीच थांबते. आरोपीच्या पिंजऱ्यात नुसती उभी. आजूबाजूचे सगळे बोलताहेत आणि मधोमध ती गप्प. नटाला संवादाचा आधार असतो. तो काढून घेतला की खरा कस लागतो.

आणि मग ते शेवटचं स्वगत. नाटकवाल्यांमध्ये सांगतात की तेंडुलकरांच्या मूळ बेतात ते नव्हतं. बाईला तिची बाजू मांडू द्या असा हट्ट अरविंदरावांनी धरला, तेंडुलकर तयार नव्हते, आणि अखेर ते लिहिलं गेलं. आज मराठीत नटी व्हायला निघालेली प्रत्येक मुलगी ते स्वगत पाठ करते. मी स्वतः सव्वीस वर्षांची असताना आरशापुढे म्हणून पाहिलं होतं आणि दुसऱ्याच परिच्छेदात रडून घोटाळा केला होता. रडून ते होत नाही. सुलभाताईंची बेणारे १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी केलेल्या चित्रपटात आहे, गोविंद निहलानींनी छायाचित्रण केलेल्या. फिल्म सोसायटीच्या एका खेळाला मी तो पाहिला. रडणं बाजूला ठेवून रागानं, उपहासानं, मध्येच एकदम कोवळं होत ती बाई बोलते. आजूबाजूची माणसं थिजलेली. ज्यांना ऐकवायचं त्यांच्यापर्यंत यातला एक शब्दही पोचत नाही, आणि हे तिला ठाऊक आहे.

तेवढा तो चित्रपट तरी हाती राहिला. बाकी रंगमंचावरचं जे त्यांनी केलं ते पाहणाऱ्यांच्या आठवणीत, आणि ती माणसंही आता कमी कमी होत चालली आहेत.

पण मी तुम्हाला एका भूमिकेबद्दल लिहायला बसलेले नाही. जागेबद्दल लिहायचं आहे.

१९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांचे सोबती यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली. नाटक करायचं तर जागा हवी. त्या वेळी मुंबईत मोठी नाट्यगृहं होती. रवींद्र नाट्यमंदिर होतं, साहित्य संघ होतं, शिवाजी मंदिर होतं. पण त्यांची भाडी आणि त्यांच्या तारखा व्यावसायिक नाटकाच्या हिशेबाच्या. चाळीस माणसं येतील की चारशे हे ज्या नाटकाचं ठरलेलं नाही, त्याला तिथे कोण उभं करणार? तेव्हा ही मंडळी कुठे गेली? शाळेत गेली. सुलभाताईंच्या शाळेत. १९७४ पासून छबिलदासच्या सभागृहात प्रयोग सुरू झाले आणि पुढे त्याला ‘छबिलदास चळवळ’ हे नाव पडलं. चळवळीला एखाद्या शाळेचं नाव मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा कॉलेजात होते. दादर स्टेशनातून बाहेर पडायचं, भाजीवाल्यांच्या गर्दीतून गल्लीत शिरायचं, वड्याच्या वासाला दाद न देता (ते सोपं नव्हतं) शाळेचे जिने चढायचे. वर साधं सभागृह. मखमली पडदा नाही, गुबगुबीत खुर्च्या नाहीत. खुर्च्या हव्या तशा मांडायच्या: आज समोर, उद्या तीन बाजूंनी, परवा नट मधे आणि आपण भोवती. बाहेरून दादरचा आवाज येतच असायचा. नटाच्या कपाळावरचा घाम दिसायचा इतक्या जवळ आपण बसलेलो. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्यांचं काम तिथे बघायला मिळालं. सगळंच चांगलं असायचं असं नाही. काही प्रयोग मला मुळीच कळले नाहीत, एक-दोन तर लिहिणाऱ्यालाही कळले असतील असं वाटत नाही. पण पडायचीही मोकळीक होती तिथे. नवं नाटक पडलं तर कुणाचं घर बुडत नव्हतं, कारण जागेचं भाडंच तसं बेताचं. कार्यवाहसाहेब, तुम्ही विचारलंत की शाळेच्या हॉलमधून मोठं कोण झालं. मुंबईतल्या समांतर रंगभूमीची एक अख्खी पिढी झाली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासमधले प्रयोग थांबले. ‘आविष्कार’ मग कुठे गेली? पुन्हा शाळेतच. माहीमच्या महापालिका शाळेत.

या सगळ्यात सुलभाताई काय करत होत्या? मुलांना घेऊन बसल्या होत्या. ‘आविष्कार’चा बालविभाग ‘चंद्रशाळा’, तो त्यांनी वाढवला. ‘दुर्गा झाली गौरी’ हे चंद्रशाळेचं मुलांचं नृत्यनाट्य तुमच्यापैकी काहींनी लहानपणी पाहिलं असेल. मी वर्गातल्या पोरींना घेऊन गेले होते. रंगमंचभर मुलंच मुलं, आणि एकही मूल पाठ केलेलं म्हणून दाखवतंय असं वाटलं नाही. मुलांकडून नाटक करून घेताना आपण शिक्षक एक चूक हमखास करतो: मोठ्यांसारखं बोलायला लावतो, आणि मग आईवडील टाळ्या वाजवतात. चंद्रशाळेत मूल मूलच राहायचं. बाल चित्र समितीसाठी त्यांनी ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा मुलांचा चित्रपटही दिग्दर्शित केला. पहिल्या रांगेतली नटी एवढा वेळ मुलांवर घालवते याचं लोकांना नवल वाटत असेल. मला नाही वाटलं. शिक्षकी पेशा सुटला तरी सवय सुटत नाही.

पडद्याकडेही वळते, कारण मघाशी तिथूनच सुरुवात केली होती. श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’त स्मिता पाटीलच्या उषाची आई सुलभाताईंनी केली. ते साल १९७७, म्हणजे त्यांची चाळिशी. स्मिता त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. तिथून पुढे चित्रपटानं त्यांना बहुतेक वेळा आई आणि मग आजी केलं. जी बाई बेणारे करू शकते तिला सिनेमानं आयुष्यभर पोळ्या लाटायला बसवलं, असं मी एकदा तावातावानं म्हणाले होते. आमच्या नाटकमंडळीतल्या एका पोरानं मला गप्प केलं. म्हणाला, ‘मावशी, पण प्रत्येकीच्या पोळ्या वेगळ्या होत्या.’ खरं आहे. ‘भूमिका’तली करडी, मुलीनं या नादाला लागू नये म्हणून जीव टाकणारी आई, ‘चौकट राजा’तली थकलेली आई, २०१२ सालच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मधली सासू. नातं एकाच जातीचं, बाया तिन्ही निराळ्या. मीरा नायरच्या ‘सलाम बॉम्बे’तही त्या आहेत. पुढे दूरदर्शन, मालिका. काम लहान की मोठं हे मोजत बसलेल्या त्या मला कधी दिसल्या नाहीत. तरीही माझा राग पूर्ण गेलेला नाही. पडद्यानं त्यांचा चेहरा घराघरांत पोचवला, पण त्यांचा पुरता उपयोग केला तो रंगमंचानं, आणि तोही भाड्याच्या, शाळेच्या जागेत.

१९८७ हे साल त्यांच्या वाट्याला दोन्ही हातांनी आलं. जानेवारीत अरविंदराव गेले. त्याच सालचा अभिनयाचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. ‘आविष्कार’ थांबली नाही. अरविंदरावांच्या नावानं महोत्सव भरू लागला, त्यात नवी नवी पोरं नाटक करू लागली. २०१० साली सुलभाताईंना नाट्यक्षेत्रातला तन्वीर सन्मान मिळाला. ४ जून २०१६ रोजी सुलभाताई गेल्या, एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. शाळा उघडायच्या तोंडावर.

आता तुमच्या अडचणींकडे येते. त्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही, तुमच्याच बाजूच्या टेबलावर मी एकतीस वर्षं काढली आहेत.

वीजबिल. बरोबर आहे, ते आम्ही भरू. अडीच तास चार पंखे आणि सहा दिव्यांचा हिशेब शाळेचा लिपिक पाच मिनिटांत करून देईल. शिपाई थांबायला हवा. त्याचा जादा वेळाचा मोबदला आम्ही देऊ, आणि तोही पाकिटातून नव्हे, पावतीवर. भिंतींना खिळे ठोकणार नाही, चिकटपट्टी लावणार नाही, सकाळच्या प्रार्थनेआधी खुर्च्या होत्या तशा लावून ठेवू. प्रसाधनगृह वापरलं तर धुऊन. अनामत रक्कम घ्या, नुकसान झालं तर कापून घ्या. प्रयोग करायचाच झाला तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून आणू. ते आम्हाला चुकत नाहीच.

कार्यवाहांनी सांगितलेली खरी भीती यातली कुठलीच नव्हती. ते म्हणाले, ‘पालक विचारतील, शाळेत रात्री कसली माणसं येतात?’ तर त्या पालकांनाही बोलवा. त्यांच्यातच कुणीतरी कॉलेजात एकांकिका केलेली असते, करंडकांच्या आठवणी काढल्या की अजून ज्याचे डोळे लकाकतात. तो सगळ्यात आधी येऊन बसेल. आणि विषय कसले, हीही भीती असते, मला कळतं. ‘शांतता!’सारखं नाटक शाळेच्या हॉलमध्ये करायचं म्हटलं तर आज कपाळाला आठ्या पडतील. पण हे पाहा, त्या नाटकात मुख्य भूमिका केलेल्या बाईची ओळख शाळेतली होती, आणि त्यांच्या संस्थेला एका शाळेनं वर्षानुवर्षं जागा दिली. शाळेचं नाव त्यामुळे खराब झालं? मी ज्याला ज्याला ‘छबिलदास’ म्हणते, तो आधी नाटकाचं नाव काढतो, आणि मग वड्याचं. गणिताच्या निकालाचं अजून कुणी काढलेलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. सगळी सभागृहं सगळ्यांना रोज खुली करा असं मी म्हणत नाही. प्रत्येक संस्थेनं एक सभागृह, आठवड्याच्या दोन संध्याकाळी, परवडणाऱ्या भाड्यात, त्या परिसरातल्या एका हौशी मंडळीला वर्षभरासाठी द्यावं. बदल्यात त्या मंडळीनं शाळेतल्या मुलांचं एक नाटक बसवून द्यावं, राज्य बालनाट्य स्पर्धेला नेण्याजोगं. आणि तुमच्याकडे वर्गावर जाणारी एखादी बाई किंवा सर असतील, ज्यांना तालमीला सहाच्या ठोक्याला पोचायचं असतं, तर त्यांना शेवटच्या तासानंतर कागदपत्रांसाठी बसवून ठेवू नका. मला पुष्कळदा बसवलं होतं. मी काही बेणारे झाले नसते, पण तालमीला वेळेवर तरी पोचले असते.

ज्या कार्यवाहांनी चहा पाजला त्यांना हे पत्र छापील प्रतीत वेगळं पाठवते आहे. अर्ज तसाच ठेवला आहे, फक्त तारीख बदलली. मंगळवार आणि शुक्रवार आम्हाला सोयीचे. किल्ली मी स्वतः सही करून नेईन आणि रात्री शिपायाच्या हाती देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे

ता. क. ‘शांतता!’ सुरू होतं तेव्हा बेणारेचं बोट सभागृहाच्या दाराच्या कडीत चेमटलेलं असतं, आणि पुढे ती बाहेर पडू पाहते तेव्हा तीच कडी तिला अडकवते. कार्यवाहसाहेब, तुमच्या सभागृहाच्या डावीकडच्या दाराची कडीही अशीच घट्ट आहे, चहाच्या दिवशी मी ओढून पाहिली. आमच्या नेपथ्यवाल्याला सांगून ठेवलं आहे. पहिल्या मंगळवारी तो तेलाची बाटली घेऊन येईल.